ओरेगॅनोचा ऐवज

शंभर ग्रॅम वाळलेल्या ओरेगॅनोत जवळपास १,६०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३७ मिलिग्रॅम लोह असतं. आकडे खरेच आहेत, पण एवढा ओरेगॅनो खातो कोण? आपण भुरभुरवतो तो चमचाभर, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. त्यातलं कॅल्शियम १६ मिलिग्रॅम. तेवढं मोठा चमचाभर दुधातही मिळतं. लोह तर अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. ओरेगॅनोकडे पोषणासाठी पाहणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

त्याचा खरा ऐवज पानांवरच्या बारीक तैलग्रंथींत असतो. तिथे कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल ही सुगंधी द्रव्यं साठतात. थायमॉल आपल्या चांगलंच ओळखीचं, कारण ओव्याचा वास त्याचाच. ओरेगॅनो तुळशीच्या कुळातला, ओवा कोथिंबीर-जिऱ्याच्या, तरी दोघांनी रसायन एकच निवडलं. ज्याच्या पानांची आपण भजी करतो तो कुंडीतला पानओवाही तुळशीच्याच कुळातला आणि याच वासाचा. नवल वाटतं ते मरव्याचं. गजऱ्यात माळला जाणारा मरवा ओरेगॅनोचा सख्खा भाऊ, दोघेही ओरिगॅनम प्रजातीतले. पण मरव्यात कार्व्हॅक्रॉल नाममात्र, म्हणून त्याचा वास मवाळ आणि गोडसर.

ओरेगॅनो चावला की तोंडात ऊब जाणवते. आपल्या जिभेत, नाकात आणि त्वचेत टीआरपीव्ही-३ नावाची प्रथिनं असतात. ऊब लागली की त्यांची दारं उघडतात आणि मेंदूकडे संदेश जातो. कार्व्हॅक्रॉल ही दारं उष्णतेशिवायच उघडतं, हे संशोधकांनी २००६ साली दाखवलं. प्रयोगशाळेत हेच द्रव्य जिवाणूंचं पटलही फोडतं. पण चिमूटभर पानांनी संसर्ग बरा होतो, असं त्यावरून म्हणता येत नाही.

कोथिंबीर वाळली की तिचा वास जातो, ओरेगॅनोचा मात्र वाढतो. पानातलं पाणी जातं आणि ही द्रव्यं बरीचशी मागे राहतात. ती पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात. म्हणून वाळलेली पानं तळहातावर चोळून आधी कोमट तेलात सोडावीत, टोमॅटो मागून घालावा. नेपल्सच्या मारिनारा पिझ्झात चीज नसतंच. टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल आणि ओरेगॅनो एवढ्यावरच त्याची चव उभी राहते.

आपल्याकडे पिझ्झासोबत येणाऱ्या पुडीत मात्र बरेचदा मीठ, मिरची, लसूणही मिसळलेलं असतं. पुडीवरचे घटक वाचूनच पदार्थात वेगळं मीठ घालावं.