मुखलक्षण आणि पुरुषार्थ : चिनी भविष्यविद्येतील एक जुना वाद

चीनमध्ये हान राजवंशाचा अंमल होता त्या काळी श्यू फू नावाच्या एका स्त्रीने, जिच्या मुखपरीक्षेचा लौकिक दरबारापर्यंत पोहोचला होता, जोउ याफू या सुभेदाराच्या मुखात शिरणारी एक उभी रेषा त्याला दाखविली आणि तीन वर्षांनी तुला सरदारकी मिळेल, पुढे आठ वर्षांनी तू सेनापती व प्रधान होशील आणि त्यानंतर नऊ वर्षांनी उपासमारीने मरशील, असे भविष्य वर्तविले. जो प्रधान होणार तो उपाशी कसा मरेल, असे म्हणून याफू हसला. परंतु इ. स. पू. १५४ मध्ये सात राज्यांचे बंड मोडून प्रधानपदाला पोहोचलेला हा पुरुष पुढे बादशहाच्या मर्जीतून उतरला, राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत पडला आणि पाच दिवस अन्न वर्ज्य करून मेला. स्सुमा छ्येनच्या इतिहासग्रंथात ही हकीकत नमूद आहे.

या कथेशेजारी चिनी कथाकारांनी दुसरी एक कथा मांडून ठेवली आहे. तांग काळातील पेइ दू हा दरिद्री व परीक्षांत अपयश पदरी पडलेला तरुण. त्याच्याही मुखाकडे पाहून एका लक्षणज्ञाने भूकबळीचेच भाकीत केले होते. श्यांगशान मंदिरात एक स्त्री आपले गाठोडे विसरून गेल्याचे त्याच्या ध्यानी आले. तो काळोख पडेपर्यंत थांबला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेथे जाऊन उभा राहिला, आणि बापाच्या सुटकेसाठी मिळविलेले मौल्यवान कमरपट्टे हरवले म्हणून आकांत करणाऱ्या त्या स्त्रीच्या हाती त्याने ते जसेच्या तसे ठेवले. पुढे तोच लक्षणज्ञ भेटला तेव्हा चकित होऊन म्हणाला की, तुझ्या हातून काही मोठे गुप्त पुण्य घडले असले पाहिजे, कारण तुझी मुद्राच पालटली आहे. पेइ दू प्रधान झाला, ८१७ साली ह्वायशीच्या बंडखोरांवरील मोहीम त्याने यशस्वी केली आणि ८३९ मध्ये तो सन्मानाने निवर्तला. उत्तरकालीन कथाकारांनी तर याफूच्या मुखावरील रेषाच पेइ दूच्या मुखावर आणून बसविली, कारण रेषा एक असूनही परिणाम भिन्न का, हाच प्रश्न त्यांना वाचकापुढे ठेवावयाचा होता.

मुखपरीक्षेच्या शास्त्रात या प्रश्नाला जागा पूर्वीपासूनच होती. चेहऱ्याचे ऊर्ध्व, मध्य व अधर असे तीन प्रांत कल्पून त्यांवरून अनुक्रमे बालपण, प्रौढपण व वार्धक्य वाचावयाचे, भुवयांच्या मध्यभागी आयुष्याचे स्थान मानावयाचे, कुटुंब, संपत्ती, अधिकार इत्यादींसाठी बारा स्थाने नेमावयाची, हा त्याचा सर्वसाधारण आराखडा. मात्र डोळ्यांखालचा भाग, जो संततीचे स्थान समजला जातो, तेथेच गाजावाजा न करता केलेल्या सत्कृत्यांची चिन्हे उमटतात असे हे शास्त्र सांगते. म्हणजे जन्मतः लाभलेल्या मुद्रेतच पुढील आचरणाची नोंद होण्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. आपल्या सामुद्रिकाच्या अभ्यासकांनी या योजनेकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते.

तत्त्वज्ञांत मात्र एकमत नव्हते. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील शुन्‌त्झ या कन्फ्यूशियसपंथी आचार्याने मुखपरीक्षेच्या खंडनार्थ स्वतंत्र प्रकरण लिहिले. देहाची परीक्षा करण्यापेक्षा अंतःकरणाची करावी आणि त्याहूनही माणसाने पत्करलेल्या मार्गाची करावी, हे त्याचे प्रतिपादन. आणि खुद्द कन्फ्यूशियसचा चेहरा भूत हाकणाऱ्याच्या मुखवट्यासारखा होता, तर ज्ये व जोउ हे जुलमी राजे उंचेपुरे व देखणे होते, हा त्याचा पुरावा. उलट इ. स. पहिल्या शतकातील वांग छुंग अस्थिलक्षणांत नियती स्पष्ट दिसते असे मानी, आणि स्वभाव वेगळा, नियती वेगळी, म्हणून सज्जनाच्या वाट्यालाही दुःख येऊ शकते, असे निक्षून सांगे. त्याचा हा निष्कर्ष कटू असला तरी प्रामाणिक आहे, आणि सत्कर्माला हमखास मोबदला मिळतो असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

ते उत्तर शब्दांपेक्षा आयुष्यानेच देण्याचा सर्वांत विस्तृत प्रयत्न मिंग काळातील युआन ल्याओफान (१५३३–१६०६) याने केला. खुंग नावाच्या एका वृद्ध गणिती ज्योतिष्याने तारुण्यातच त्याच्या आयुष्याचा तपशील मांडून दिला होता: तीन परीक्षांत चौदावा, एकाहत्तरावा व नववा क्रमांक, पुढे स्सुच्वानमध्ये मामलेदारी, त्रेपन्नाव्या वर्षी मृत्यू, आणि संतती नाही. क्रमांक तंतोतंत जुळले. सरकारी शिष्यवृत्तीचे धान्य एकूण ९१ दान व ५ दोउ (ही चिनी धान्यमापे) मिळेल असे भाकीत होते. सत्तरएक दानच उचलल्यावर बढतीची शिफारस झाली तेव्हा त्याला क्षणभर संशय आला, पण वरिष्ठ अधिकाऱ्याने ती शिफारस फेटाळली आणि १५६७ मध्ये अखेर बढती झाली तेव्हा हिशेब बरोबर तेवढाच भरला. त्यानंतर त्याने इच्छा करणेच सोडून दिले.

१५६९ मध्ये छीश्या पर्वतावर युन्‌गू या ध्यानपंथी भिक्षूसमोर तो तीन दिवस व तीन रात्री निश्चल बसला, तेव्हा या मनःशांतीचे कारण भिक्षूने विचारले. कारण ऐकल्यावर भिक्षू म्हणाला की, मी तुला असामान्य पुरुष समजलो होतो, तू तर सामान्यच निघालास. पद व पुत्र यांना तू पात्र आहेस का, असे त्याने पुढे विचारले. तेव्हा ल्याओफानने दिलेली स्वतःच्या दोषांची यादी मला या संपूर्ण वाङ्मयात अत्यंत मोलाची वाटते: उतावीळपणा, कोतेपणा, इतरांपुढे बुद्धीची मिरवणूक, अतिबडबड, मद्यपान, रात्ररात्र जागून शक्तीचा क्षय. दैवाला नावे ठेवण्याऐवजी तो स्वभावाची झडती घेत होता, आणि हीच भूमिका योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात दैव हे पूर्वीच्या पुरुषार्थाचेच रूप असे वसिष्ठ रामाला सांगतात त्या भूमिकेच्या अगदी निकट आहे. बौद्ध कर्मसिद्धान्त भारतातूनच तिकडे गेला, हे येथे स्मरणात ठेवावे.

भिक्षूने त्याला पुण्य व दोष यांची रोजकीर्द दिली. सत्कृत्य जमेस आणि अपराध खर्ची. एका मनुष्याचा जीव वाचविल्यास शंभर पुण्ये. ल्याओफानची निरक्षर पत्नी हंसाच्या पिसाने पंचांगावर तांबडे वर्तुळ उमटवून आपली नोंद ठेवी. पुढच्याच वर्षीच्या परीक्षेत खुंगने तिसरा क्रमांक सांगितला असता तो पहिला आला. ३००० सत्कृत्यांचा पहिला संकल्प पुरा व्हावयास दहा वर्षांहून अधिक काळ लागला, १५८१ मध्ये त्याला पुत्र झाला आणि १५८६ मध्ये तो सर्वोच्च परीक्षा उतरून बाओदी परगण्याचा अधिकारी झाला.

याच रोजकिर्दीवर लिऊ झोंगझोउ (१५७८–१६४५) या तत्त्वज्ञाने कठोर आक्षेप घेतला. सत्कृत्य मोजले की ते व्यापार होते, म्हणून माणसाने केवळ आपले दोष नोंदवावेत, असे म्हणून त्याने दोषांचीच सूची असलेला ग्रंथ रचला. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. तथापि ल्याओफानच्या चरित्रातील एक प्रसंग त्यातून सुटून उरतो. १०,००० सत्कृत्यांचा नवा संकल्प सोडल्यावर, कचेरीच्या चार भिंतींत एवढी कृत्ये घडणार कशी, या चिंतेत तो असताना स्वप्नात एका दिव्य पुरुषाने त्याला सांगितले की, शेतसारा कमी केलास त्यातच संकल्प पुरा झाला. बाओदीत दर मू जमिनीस २.३७ फन चांदी सारा होता, तो त्याने १.४६ वर आणला होता. हा हुकूम काढताना त्याच्या डोळ्यांपुढे रोजकीर्द नव्हती, रयत होती; भरपाई झाल्याचे त्याला मागाहून कळले. स्वप्नाचे प्रामाण्य कोणी मानो वा न मानो, प्रत्येक मूमागे उरलेली चांदी शेतकऱ्याच्या घरात राहिली, आणि चारित्र्याने नियती पालटली असे म्हणावयाचे झाल्यास ती प्रथम बाओदीच्या शेतकऱ्यांची पालटली.

भाकितातील त्रेपन्नावे वर्ष उलटून गेल्यावर, एकुणसत्तराव्या वर्षी, त्याने हा सगळा वृत्तांत आपल्या मुलासाठी लिहून ठेवला. खुंगच्या गणितात ज्याचे अस्तित्वच नव्हते तो हा मुलगा १६२५ साली तीच सर्वोच्च परीक्षा उतरला आणि क्वांगतुंग प्रांतातील गाओयाओ येथे परगण्याचा अधिकारी म्हणून रुजू झाला.