मामांची मोटार आणि माझे कान

माझ्या मामांच्या घरी तीन गोष्टींना परक्याने हात लावलेला चालत नाही : त्यांचा पानाचा डबा, त्यांचे सकाळचे वर्तमानपत्र आणि त्यांची मोटार. यांतली मोटार म्हणजे साठ वर्षांपूर्वीची, लाल रंगाची, दोनच माणसांची, विलायती स्पोर्ट्स कार. कंपनीचे नाव मुद्दामच सांगत नाही. पुढे जे घडले त्यात दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता, आणि थोडासा आमच्या घरच्या संकोचाचा.

मामा पिंपरीकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. वय अठ्ठ्याहत्तर. १९७८ साली त्यांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली तेव्हा मामी चार दिवस बोलल्या नव्हत्या. मी आठ वर्षांचा असताना मामांनी मला तिच्यातून कात्रजच्या घाटात नेले होते. त्या दिवसापासून मामा आणि मोटार यांविषयी माझ्या मनात एकच आदर आहे. त्याची वाटणी मला करता आलेली नाही.

यंदा जूनमध्ये मामांची नात दहावीला उत्तम गुणांनी पास झाली. मामांनी तिला कबूल केले, ‘तुला या गाडीतून महाबळेश्वरला नेतो. तू आणि मी, दोघेच!’ पुढच्याच रविवारी मला शेजारी बसवून ते एरंडवण्यातून कर्वे रस्त्याला निघाले आणि माझ्या कानांवर तो आवाज आला. कट्... कट्... कट्.

‘मामा, चाकातून काहीतरी वाजतंय.’

‘अरे मास्तर, तुझे कान वाजताहेत! व्याकरण शिकवून शिकवून होतं असं.’

यावर काय बोलणार? पण आमचा धंदाच मात्रा मोजण्याचा. मी मनातल्या मनात मोजू लागलो. गाडी हळू झाली की आवाज विलंबित होई, पळू लागली की द्रुत. सिग्नलपाशी उभ्या उभ्या मामांनी इंजिन गुरगुरवले तेव्हा तो मुळीच आला नाही. एवढ्यावरून मराठीच्या प्राध्यापकालाही कळावे की हे दुखणे इंजिनाचे नव्हे, चाकाचे.

गाडी परत आल्यावर घरात परिषद भरली. कोणी म्हणाले बेअरिंग गेले, कोणी म्हणाले ब्रेक. एका गॅरेजवाल्याने तर दुरूनच ऐकून चारी बेअरिंगे बदलण्याचा खर्च सांगितला. मामांचे आपले एकच : ‘मला नाही ऐकू येत.’

ते खरे बोलत होते, आणि खरी पंचाईत तीच होती. उतारवयात कान जातात ते सगळे एकदम जात नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे स्वर. स, त, फ यांसारख्या व्यंजनांचा नाजूक भाग त्याच पट्टीत असतो. म्हणून घरातले वडीलधारे म्हणतात, ‘तू बोललास ते ऐकू आलं, पण कळलं नाही.’ स्वर पोचतात, व्यंजने वाटेत गळतात. मामांना इंजिनाची घरघर स्वच्छ ऐकू येत होती. चाकाची बारीक ‘कट्’ मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. आम्हां सर्वांना हे दोन वर्षांपासून माहीत होते. बोलले मात्र कोणी नव्हते. आता पसरणीचा घाट होता आणि शेजारी पंधरा वर्षांची पोर बसणार होती.

मी ठरवले, आधी आवाज पकडायचा, मग मामांना. बंगल्याशेजारच्या बोळात आम्ही गाडी न्यूट्रलमध्ये घालून हातांनी ढकलली. दोन्ही बाजूंना कुंपणाच्या भिंती असल्या की चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, कान फसत नाहीत. चाकांवर खडूची रेघ ओढली होती. मामांचा मुलगा आणि पुतण्या ढकलीत होते, मी पुस्तकातला किडा शोधावा तसा वाकून चालत होतो. प्रत्येक फेऱ्याला एकदा, म्हणजे सुमारे दोन मीटरला एकदा, मागच्या डाव्या चाकात ‘कट्’ होत होते. खडूची रेघ खाली आली की नेमके तेव्हाच.

वाचकांपैकी पुष्कळांकडे चारचाकी असेल, म्हणून इथे जरा थांबून सांगतो. चाकातून टकटक ऐकू आली तर घाबरण्याआधी टायरच्या नक्षीत खडा किंवा खिळा रुतला आहे का पाहावे. चाकावरची शोभेची टोपी सैल आहे का पाहावे. वळणावर स्टिअरिंग पुरते फिरवल्यावरच कटकट होत असेल, तर आजच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा झिजलेला असण्याचा संभव फार. बेअरिंग सहसा कटकटत नाही, ते घुमते. ब्रेक किंचित दाबताच आवाज बंद झाला तर ब्रेकचे पॅड पाहावेत. आणि चाकाचे नट सैल असल्याची शंका आली तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नये. गाडी तिथेच उभी करावी.

आमच्या गाडीला यांतले एकही लागू नव्हते. तिची चाके सायकलीसारखी तारांची. आणि तारांची चाके म्हटल्यावर मला आठवण झाली ती नारायण पेठेतल्या सायकलवाल्या काकांची. माझ्या पहिल्या सायकलीचा आउट त्यांनीच काढला होता.

मोटारीसाठी सायकलवाला, म्हणून पुतण्या हसला. पण इतिहास काकांच्या बाजूचा आहे. पातळ तारांवर ताणून धरलेल्या चाकाची कल्पना जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ साली मांडली, तीही विमानाचा विचार करताना. तारा एकमेकींना छेदून तिरप्या बसवण्याचे पेटंट कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ साली घेतले. आपली सायकल आजही त्यावरच धावते. पुढे रज-व्हिटवर्थ या सायकलींच्याच कंपनीने झटकन काढता येणारे तारांचे चाक मोटारींसाठी केले. ते मधल्या एकाच मोठ्या नटावर बसते, आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या नटांचे आटे उलटसुलट असतात, चालताना सुटू नयेत म्हणून. सायकलीचे डावे पेडल उलटे फिरवून निघते, हे ज्याने लहानपणी हात काळे केले त्याला ठाऊक असेलच; तीच ही युक्ती.

आपल्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही मोटारींची संशोधन संस्था आहे. तिथे गाड्यांचे आवाज आणि कंपने यंत्रांनी मोजतात. काकांचे यंत्र म्हणजे एक जुना पाना. गाडी जॅकवर चढवून खाली भक्कम आधार दिल्यावर त्यांनी साठ तारांवर तो एकेक करून हलकेच वाजवला. टण्... टण्... टण्... आणि मध्येच ठप्प. कसलेली तार गाते, सैल तार मुकी असते. पाच तारा मुक्या निघाल्या. सहावी हबाजवळच्या वाकणावर तुटूनच गेली होती.

‘गाडीचा भार आला की खालच्या तारांचा ताण कमी होतो,’ काका म्हणाले. ‘मग सैल तार जागेवर हलते आणि बोलते. एक तुटली की तिचा भार शेजारणीवर. मग तीही जाते. घाटात नेली असती तर...’ पुढचे त्यांनी सांगितले नाही.

मामा खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्यापाशी गेलो. ‘मामा, तुमचा हात द्या.’ काकांनी एकमेकींना छेदणाऱ्या दोन सैल तारा मामांच्या मुठीत दिल्या आणि दाबायला सांगितले. त्या आत हलल्या. मामांनी पुन्हा दाबल्या, मग शेजारची कसलेली जोडी दाबून पाहिली. सारे आयुष्य यंत्रांत गेलेला तो हात. त्याला कोणी समजावून द्यावे लागले नाही.

बराच वेळ ते तारांवरून बोटे फिरवीत राहिले. मग म्हणाले, ‘हे वाजत होतं?’

‘हो.’

‘किती दिवस?’

‘मला रविवारपासून माहीत आहे.’

‘आणि माझ्या कानांचं?’

मी खाली पाहिले. उत्तर मामींनी दिले, ‘दोन वर्षं झाली.’

मामा उठले आणि आत गेले. पानाचा डबा उघडल्याचा आवाज आला. त्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत. सोमवारी सकाळी मात्र मुलाला म्हणाले, ‘कानाच्या डॉक्टरची वेळ घे.’

तारा इंग्लंडहून मागवाव्या लागल्या. काकांनी टायर व ट्यूब उतरवून त्या बसवल्या, ट्यूबला टोचू नयेत म्हणून आत आलेली टोके घासली, आणि खडू धरून चाकाचा आउट काढला. हबाचे दाते साफ करून ग्रीस लावले. सारे होईस्तोवर पावसाळा सरला, आणि महाबळेश्वर गेले दसऱ्यानंतरच्या रविवारावर.

त्या रविवारी दुपारी नातीचा फोन आला. माझ्या पोटात धस्स झाले.

‘काका, आजोबांनी वाईच्या पुढे गाडी थांबवली. म्हणाले, कसलासा आवाज येतोय. मला तर काहीच आलं नव्हतं!’

‘मग?’

‘मग काय, टायरमध्ये एवढासा खडा निघाला. तो त्यांनी खिशात ठेवलाय. म्हणाले, मास्तरांना दाखवायचा आहे.’