यमपुरीची दंडसंहिता आणि डहाणूची मजुरी

घरात कोणी गेले की दहा दिवस संध्याकाळी गरुडपुराण वाचण्याची रीत आमच्याकडे अजून टिकून आहे. गेल्या वर्षी नात्यातील एक वृद्ध वारल्यावर तो योग पुन्हा आला. लहानपणी हे वर्णन कानांवर पडले की अंगावर काटा येत असे. या खेपेस मात्र अर्थशास्त्र शिकविण्यात गेलेली वीस वर्षे आड आली आणि भीतीऐवजी कुतूहल वाटू लागले. कारण गरुडपुराणातील यमपुरी ही नुसती भयकथा नाही. ते एक व्यवस्थित आखलेले नगर आहे. त्याला वेस आहे, चार दरवाजे आहेत, द्वारपाल आहे, दप्तर आहे, साक्षीदार आहेत आणि अपराधागणिक शिक्षा ठरलेली आहे. एवढी तपशीलवार दंडसंहिता रचणाऱ्यांच्या मनात न्यायाची जी कल्पना होती, ती तपासून पाहण्याजोगी आहे.

यममार्गाचे अंतर शहाऐंशी हजार योजने सांगितले आहे आणि प्रेताने रोज दोनशे सत्तेचाळीस योजने चालावे असा हिशेब आहे. भागाकार केला तर ३४८ दिवस येतात. म्हणजे वर्षश्राद्धाच्या सुमारास स्वारी मुक्कामी पोचते. वाटेत सोळा गावे लागतात आणि वैतरणी नदी आडवी येते. तिच्या काठावरचे नावाडी आधी विचारतात, गोदान केले आहे काय? आमच्या जिल्ह्यातील वाचकाला येथे थोडे थबकावे लागेल. वैतरणा हे नाव धारण करणारी नदी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावून पालघर जिल्ह्यातूनच समुद्राला मिळते, आणि डहाणू तालुक्यात कासाजवळून वाहणारी सूर्या तिला जाऊन मिळते. सूर्य हा यमाचा पिता. परलोकाचा नकाशा आपल्या दाराशीच असा उलगडलेला असताना त्याची चर्चा आपण फक्त सुतकात करावी, हे चमत्कारिकच.

नगराच्या तीन दरवाजांतून पुण्यवंतांना प्रवेश मिळतो. पापी माणसाला दक्षिणेचा दरवाजा. धर्मध्वज नावाचा द्वारपाल सप्तधान्याच्या दानाने प्रसन्न होतो आणि आत चांगला शब्द टाकतो. सरकारी कचेरीच्या दारात ज्याने कधी काळी खोळंबा सोसला आहे, त्याला हा तपशील कवीची कल्पना वाटणार नाही. परंतु हा एक चोरदरवाजा सोडला तर आतली व्यवस्था कडेकोट आहे. चित्रगुप्ताची वही आहे. श्रवण नावाचे ब्रह्मदेवाचे पुत्र माणसाचे बोलणे-वागणे दुरूनही ऐकतात आणि पाहतात. त्यांच्या स्त्रिया बायकांची वर्तणूक कळवितात. शिवाय सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, पृथ्वी, जल, दिवस, रात्र आणि माणसाचे स्वतःचे हृदय हे साक्षीला उभे. ज्या न्यायालयात आरोपीचे काळीजच फिर्यादी पक्षाचा साक्षीदार असते, तेथे पुराव्याअभावी सुटका कशी होणार?

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली गुन्हा आणि शिक्षा यांचा आर्थिक विचार मांडणारा एक प्रसिद्ध निबंध लिहिला. परीक्षेला पोचायला उशीर होत होता, तेव्हा गाडी नियमबाह्य जागी लावावी काय याचा मनाशी हिशेब करताना ही कल्पना आपल्याला सुचली, असे तो सांगत असे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की गुन्हा करणारा माणूस दोन गोष्टी तोलतो: पकडले जाण्याचा संभव किती आणि पकडल्यावर शिक्षा किती. इटलीच्या बेकारियाने तर १७६४ सालीच सांगून ठेवले होते की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची निश्चिती आणि तत्परता अधिक धाक घालते. या कसोटीवर यमपुरीकडे पाहा. पकडले जाण्याचा संभव पूर्ण, शिक्षा भयंकर; तरीही पृथ्वीवर पाप तसूभर कमी झालेले दिसत नाही. तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे तत्परतेत, हे नगर कमी पडते. शिक्षा मरणानंतर, शिवाय वर्षभराच्या प्रवासानंतर. आजचा रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया माणूस एका भावाने मोजत नाही, तसाच आजचा लाभ आणि मरणोत्तर यातनाही तो एका भावाने मोजत नाही.

हा भाग वर्गात शिकविताना तलासरीकडच्या एका विद्यार्थ्याने हात वर केला. मुलगा वारली, घरात शिकणारा पहिलाच. त्याने विचारले, "सर, मजुरी बुडवणाऱ्याला कोणता नरक?" वर्ग हसला. मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री भागवताचा पाचवा स्कंध काढून बसलो, कारण नरकांची नीटस यादी तेथे आहे. एकूण अठ्ठावीस. परधन आणि परस्त्री हरण करणाऱ्यास तामिस्र. खोटी साक्ष देणाऱ्यास अवीचि. त्यात शंभर योजने उंच कड्यावरून डोके खाली करून लोटून देतात. धनाच्या गर्वाने फुगलेल्या, सगळ्यांवर संशय घेत पैसा राखीत बसणाऱ्यास सूचीमुख. यमदूत त्याचे अंग विणकरासारखे दोऱ्याने शिवून काढतात. निरपराध्याला दंड करणारा राजा किंवा राजपुरुष सूकरमुखात उसासारखा पिळला जातो. गावे लुटणारे राजे आणि त्यांचे शिपाई सारमेयादनात सातशे वीस कुत्र्यांच्या तोंडी दिले जातात. रचनाकार भाबडे नव्हते. सत्तेचा गैरवापर त्यांनी पाहिला होता आणि त्याला जागाही करून दिली होती. पण काम करवून घेऊन दाम न देणारा? अठ्ठावीसांत त्याचा स्वतंत्र नरक नाही. ओढूनताणून त्याला तामिस्रात बसवता येईल. परंतु ब्राह्मणाच्या देहदंडाचा नावानिशी उल्लेख करणाऱ्या संहितेला मजुराचा रोजगार आठवू नये, यावरून ती कोणाच्या ओसरीवर बसून लिहिली गेली हे उघड होते. गरुडपुराणात तर शूद्राने वेदाक्षरे शिकणे हाही नरकात नेणारा अपराध आहे. तो प्रश्न विचारणारा मुलगा महाविद्यालयाच्या बाकावर बसलेला होता, हे ध्यानात घ्यावे.

उलट कौटिल्याकडे पाहा. त्याला परलोकाचे फारसे कौतुक नाही. राज्याच्या तिजोरीचे आहे. पण वेतन न देणाऱ्याला वेतनाच्या दशांशाइतका किंवा सहा पण दंड, आणि दिलेच पाहिजे असे वेतन मुळात नाकारले तर त्याहून अधिक, असे त्याने अर्थशास्त्रात लिहून ठेवले. स्वर्ग-नरकाच्या कायद्यात जे विसरले गेले, ते इहलोकीच्या व्यवहारी माणसाला आठवले.

आमच्या भागातील दुसऱ्या परंपरेतही नरकाचे असेच दर्शन आहे. संजाण पडल्यावर इराणशाहाचा पवित्र अग्नी बारा वर्षे बाहरोटच्या डोंगरातील गुहांत लपवून ठेवला होता, अशी पारशी परंपरा सांगते; बोर्डी-घोलवडच्या लोकांना तो डोंगर रोज दिसतो. त्या धर्मातील अर्दा विराफाच्या ग्रंथात खोट्या मापाने विकणाऱ्या, धान्यात माती मिसळणाऱ्या व्यापाऱ्याला नरकात माती आणि राख मापून खावी लागते. शिक्षा कशी असावी याचा हा नमुना मला यमपुरीतील पुष्कळ शिक्षांपेक्षा अधिक बुद्धिमान वाटतो. जे माप दुसऱ्याला लावले, तेच स्वतःच्या तोंडाला.

आता ज्या भूमीवर हे चालले आहे तिच्याकडे वळू. डहाणू-तलासरीच्या वारल्यांना नरकाची ओळख पुराणातून करून घेण्याची गरज नव्हती. मुंबई सरकारने १९३७ च्या सुमारास डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याकडे आदिवासींच्या स्थितीची चौकशी सोपविली. त्याच्या अहवालातील वेठीचे वर्णन कोरड्या सरकारी भाषेत आहे आणि म्हणूनच अधिक झोंबते. एकसाली कुळाला जमीनदार केव्हाही कामाला बोलावू शके; नकार दिला किंवा टाळाटाळ केली तर मारहाण; मोबदला काहीच नाही, नाही तर दिवसाला फार तर एक आणा, किंवा एका माणसाच्या एका जेवणाला जेमतेम पुरेल एवढा तांदूळ. लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये कर्ज घेतलेला वारली 'लग्नगडी' होई आणि बायकोसकट मालकाच्या घरी राबे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे जग जवळून पाहून लिहिले आहे. ते वाचताना मला पुनःपुन्हा वाटले की येथे पूर्ण यमपुरी नांदत होती. दूत होते, चाबूक होता, वहीदेखील होती. उणा होता तो न्यायाधीश. चित्रगुप्ताच्या वहीत निदान पुण्याचा रकाना असतो. सावकाराच्या वहीत गड्याच्या श्रमाचा रकानाच नव्हता. त्यामुळे कर्ज फिटण्याची शक्यता त्या हिशेबाच्या रचनेतच नव्हती.

ही पुरी मोडली ती मरणोत्तर नव्हे. मे १९४५ मध्ये झरी येथे — तेव्हा तो उंबरगाव तालुका, आता तलासरी — सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही, दिवसाला रोख बारा आणे मिळाल्यावाचून जमीनदाराच्या शेतात राबणार नाही, असे ठरले. पाठोपाठ गवत कापण्याच्या दराचा लढा आला: पाचशे पौंडांना अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. निरपराध्याला दंड करणाऱ्या राजपुरुषांसाठी सूकरमुख राखून ठेवलेले आहे खरे. पण त्या पाच कुटुंबांना त्याचा काय उपयोग?

महाभारतात मांडव्य ऋषीची कथा आहे. चोरांनी आश्रमात माल लपविला, मौनव्रती ऋषी बोलला नाही, राजाने त्याला सुळावर चढविले. पुढे त्याने यमधर्माला जाब विचारला, माझा अपराध कोणता? यम म्हणाला, लहानपणी तू कीटकांना गवताची काडी टोचली होतीस. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड! ऋषीने शाप दिला आणि यमाला विदुराचा जन्म घ्यावा लागला. शिवाय चौदा वर्षांपर्यंतच्या बालकाच्या कृत्याला पाप मानायचे नाही, अशी मर्यादा घालून दिली. धर्मराजाच्या कायद्यात ही दुरुस्ती शिक्षा भोगलेल्या माणसाने करून घेतली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. झरीला तेच झाले.

इहलोकीच्या संहितेत कलमे वाढली हे मान्य केले पाहिजे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात वेठ लादणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. बेकरच्या भाषेत शिक्षेची रक्कम लिहिलेली आहे. संभवाची बाजू रिकामी. आणि उशीर? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी मिळाली नाही तर दररोज ०.०५ टक्के भरपाईची तरतूद होती. हजार रुपये अडकले तर दिवसाला पन्नास पैसे. तोच मजूर त्या दिवसांत किराणा उधार आणी, त्याचा दर कोणत्याही कायद्यात सापडणार नाही. सरकार जेव्हा स्वतः मजुरी थकविते तेव्हा त्याला कोणत्या दरवाजातून न्यावे, हा प्रश्न धर्मध्वजालाही पडावा.

त्या विद्यार्थ्याला मी पुढे एकदा विचारले, तो प्रश्न तुला कसा सुचला. दिवाळीनंतर त्याचे आईवडील वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. हजार विटांमागे दर ठरतो, हंगाम संपला की हिशेब होतो, आणि गेल्या दोन्ही वर्षी मालकाच्या वहीप्रमाणे यांच्याच अंगावर बाकी निघाली. मुलगा अकरावीपासून हिशेब शिकतो आहे. या वर्षी त्याने बापाला एक साधी वही दिली आणि दर हजार विटांना एक रेघ मारायला सांगितले. वडिलांना लिहिता येत नाही, रेघ मारता येते. मे महिन्याच्या अखेरीस वही घेऊन दोघे मालकापुढे गेले. मालकाने ती उघडलीही नाही. आमच्याकडे आमचीच वही चालते, म्हणाला. मुलाने वही माझ्याकडे आणून दिली. एकशे बारा रेघा आहेत. कामगार अधिकाऱ्याकडे द्यावयाचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला असून वहीच्या पानांच्या प्रती त्याला जोडल्या आहेत. येत्या सोमवारी तो मुलगा अर्ज घेऊन कचेरीत जाणार आहे.