महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रेयांक : हस्तांतरण, समकक्षता आणि अध्यापकाचे दायित्व

बीजसंज्ञा : श्रेयांक, श्रेयांक बँक, समकक्षता, पात्रता, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020

प्रस्तावना :
नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग एकत्र येतात. देवळालीचा लष्करी तळ, ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, बँका व शासकीय कार्यालये यांमुळे बदलीच्या नोकरीवर असलेली कुटुंबे या शहरात नेहमीच असतात. वडिलांची बदली ठाण्याला झाली अथवा दुसऱ्या वर्षात असतानाच मुलीचा विवाह होऊन ती धुळ्यास गेली, तर तिच्या पदवीचे काय होते, हा प्रश्न द्वारका परिसरातील विद्यार्थिनीसाठी तात्त्विक नसून एका शैक्षणिक वर्षाचा असतो. श्रेयांक पद्धतीमुळे हा प्रश्न सुटला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुस्थिती मात्र तितकी सरळ नाही. सदर लेखात श्रेयांक हस्तांतरणाची रचना आणि तीत अध्यापकाकडे येणारा निर्णय यांचा विचार केला आहे.

हस्तांतरणाची रचना :
वार्षिक पद्धतीत महाविद्यालय बदलणे म्हणजे प्रामुख्याने कागदपत्रांचा प्रवास होता. त्याच विद्यापीठातील महाविद्यालयात जायचे तर महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आणि विद्यापीठ बदलायचे तर स्थलांतर प्रमाणपत्र व नव्या विद्यापीठाची पात्रता. मान्यता मिळे ती संपूर्ण वर्षाला. एकेका विषयाला नव्हे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पदवी स्तरावर 2019-20 पासून श्रेयांक पद्धती आली. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी रचना लागू झाली. सत्राला 20 ते 22 श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, आणि तासिकांच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे सैद्धांतिक अध्यापनाचे 15 तास अथवा प्रात्यक्षिकाचे 30 तास, हे तिचे ढोबळ गणित होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम अधिसूचित केले. विद्यार्थ्याच्या नावे खाते, त्यात श्रेयांकांची जमा, सामान्यतः कमाल सात वर्षांची मुदत, आणि एका पदवीसाठी वापरलेले श्रेयांक खात्यातून कायमचे वजा, अशी ही व्यवस्था आहे. तिची एक बाब अध्यापकवर्गात पुरेशी परिचित नाही. ही बँक विद्यार्थ्याकडून थेट कोणताही कागद स्वीकारत नाही. श्रेयांक जमा करावयाचे ते संस्थेनेच. म्हणजे विद्यार्थिनीने सर्व परीक्षा उत्तीर्ण केल्या तरी संस्थेकडून नोंद गेली नसेल, तर तिचे खाते रिकामेच दिसते. गुणपत्रिका हातात असून खात्यात शून्य, ही अवस्था नव्या महाविद्यालयाच्या कार्यालयात समजावून सांगणे फार अवघड जाते.

समकक्षतेचा प्रश्न :
बँकेची उपमा येथवर उपयोगी पडते; पुढे ती दिशाभूल करते. शंभर रुपयांची नोट कोणत्याही शाखेत शंभराचीच असते. श्रेयांकाचे तसे नाही. खाते सांगते ते ‘किती’; ‘कशाचे’ हे नव्या महाविद्यालयातील विभागाला ठरवावे लागते.

समजा, अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थिनीने नाशिकमध्ये पहिल्या वर्षाचे 44 श्रेयांक मिळवले आणि दुसऱ्या वर्षी अन्य विद्यापीठाच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. पहिल्या ठिकाणी सूक्ष्म अर्थशास्त्र पहिल्या वर्षी व समग्रलक्षी अर्थशास्त्र दुसऱ्या वर्षी असेल, आणि नव्या ठिकाणी हा क्रम उलट असेल, तर ती सूक्ष्म अर्थशास्त्र दोनदा शिकेल आणि समग्रलक्षी एकदाही नाही. तिच्या खात्यातील बेरीज शेवटपर्यंत अचूक राहील. उणीव दिसेल ती पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत.

मुख्य विषयापेक्षाही गोंधळ अधिक होतो तो इतर गटांत. गौण विषय म्हणून भूगोल घेतला आणि नव्या महाविद्यालयात भूगोल विभागच नाही, तर त्या श्रेयांकांना कोठे बसवायचे? खुला वैकल्पिक विषय, व्यावसायिक कौशल्याचा अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, भाषाविषयक क्षमतावर्धन या गटांत महाविद्यालयागणिक निवडी वेगळ्या असतात. त्यामुळे एकाच विद्यापीठातील दोन महाविद्यालयांतही ही अडचण उद्भवते. येथे एक भेद करणे आवश्यक वाटते. मुख्य विषयात आशयाची सांगड पाहणे योग्यच. पुढील पाठ त्यावर उभा असतो. खुल्या वैकल्पिक विषयाचा हेतू मात्र आपल्या शाखेबाहेरचे काही शिकणे एवढाच आहे. तेथे शीर्षक जुळत नाही म्हणून दोन श्रेयांक नाकारणे म्हणजे नियमाचे पालन करून हेतूचा भंग करणे होय.

आणखी एक अडथळा संख्येचाच आहे. 2021 च्या विनियमांत पदवीसाठी किमान 50 टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतून मिळवण्याची अट होती. तिचा काटेकोर अर्थ लावला, तर चार सत्रांनंतर विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थिनीचे 88 श्रेयांक जुन्या ठिकाणचे आणि उरलेले 44 नव्या ठिकाणचे, म्हणजे एकतृतीयांशच होतात. म्हणूनच प्रवेशापूर्वीच नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून लेखी उत्तर घेणे अगत्याचे ठरते. पहिल्या वर्षानंतरचे स्थलांतर यामुळे तुलनेने सुकर, तर दुसऱ्या वर्षानंतरचे जोखमीचे असते, ही माहिती विद्यार्थ्यास बदलीचा आदेश हाती पडल्यानंतर नव्हे, प्रथम वर्षाच्या उद्बोधन वर्गातच मिळावयास हवी.

सिद्धतेचा भार कोणावर?
युरोपमध्ये श्रेयांक हस्तांतरणाची पद्धती 1989 मध्ये इरॅस्मस कार्यक्रमाच्या अंतर्गत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तेथे वर्षाला 60 श्रेयांक धरले जातात आणि विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात जाण्यापूर्वीच कोणत्या अभ्यासक्रमाबदल्यात कोणता अभ्यासक्रम मान्य होईल, याचा करार विद्यार्थी व दोन्ही संस्था मिळून करतात. 1997 च्या लिस्बन मान्यता कराराने त्याहून मूलगामी तत्त्व मांडले. दोन ठिकाणच्या शिक्षणात लक्षणीय भेद असल्याचे दाखवता आले तरच मान्यता नाकारता येते, आणि तो भेद सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेवर असते. हा करार युरोपीय विभागापुरता आहे. तरीही त्यातील दृष्टी आपल्याकडील विभागप्रमुखास उपयोगी पडण्याजोगी आहे. आपल्याकडे प्रघात नेमका उलट दिसतो. आपला अभ्यासक्रम तोच होता, हे विद्यार्थ्याने सिद्ध करावयाचे, आणि तेही ज्या अभ्यासक्रमाची प्रत त्याच्याकडे कधी नव्हतीच त्याच्या आधारे.

विभागाच्या पातळीवर यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी विषयवार तक्ता, कोणता अभ्यासक्रम कशाच्या बदल्यात मान्य, कोणता नाकारला व का, आणि उणीव कोणत्या सत्रात भरून काढायची, एवढे एका पानावर मावते. उणीव भरून काढण्यास स्वयम् मंचावरील अभ्यासक्रमांचाही उपयोग होऊ शकतो. आयोगाच्या 2021 च्या विनियमांनी सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्या मार्गाने करण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी संस्थेची पूर्वमान्यता मात्र हवी.

सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याबाबत जुन्या महाविद्यालयाचेही काम दाखला देऊन संपत नाही. श्रेयांक खात्यात जमा झाले की नाही, हे दाखल्यावर सही होण्यापूर्वी पाहिले पाहिजे. त्याबरोबर अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रतही द्यावी. ती त्या विद्यार्थ्याच्या वर्षाची असावी. 2024 च्या तुकडीला 2019 चा आराखडा जोडून पाठवला, तर नव्या ठिकाणी होणारी तुलना पहिल्याच पानावर चुकते. विवाहामुळे शिक्षण थांबलेली विद्यार्थिनी पाच-सहा वर्षांनी, म्हणजे सात वर्षांच्या मुदतीच्या आत परतली, तर तिचे श्रेयांक खात्यात असतील. तिने काय शिकले होते, हे सांगणारा अभ्यासक्रम मात्र विभागाच्या कपाटातूनच काढावा लागेल.