आधी दुकानाचा प्रश्न, मग कॉलेजचा

मुलगा हुशार आहे. हिशेब तोंडी करतो, गिऱ्हाइकाची नजर ओळखतो, दहावीला विशेष अभ्यास न करता उत्तम गुण मिळवतो. मात्र बारावीनंतर कोणकोणत्या कॉलेजांत अर्ज करायचे, असे विचारले की ‘कुठेही चालेल’ म्हणतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घालतो. वडील चिडतात, आईचा जीव खालीवर होतो. अखेर मामा किंवा काका एखादे नाव सुचवतात, अर्ज तिसराच कोणी भरतो आणि प्रवेश होऊन जातो. पुढे हजेरी कमी पडल्याचे पत्र घरी आले की सर्वांना आश्चर्य वाटते. वास्तविक त्यात आश्चर्याचे काही नसते. जो निर्णय त्याने घेतलाच नाही, तो त्याने निभावावा कसा?

जैन आचारविचारांत प्रमाद हा मोठा दोष मानला गेला आहे. त्यामुळे मुलाच्या उदासीनतेला घरात चटकन ‘आळस’ हे नाव मिळते. परंतु हाच मुलगा दिवाळीच्या हंगामात सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर उभा राहतो, पर्युषणात आनंदाने उपवास करतो, मित्राच्या बहिणीच्या लग्नात रात्रभर राबतो. आळशी मुलाकडून हे होत नाही. त्याचा उत्साह आटतो तो केवळ एका ठिकाणी, स्वतःच्या भवितव्याविषयी बोलताना. याचे कारण बहुधा कॉलेजच्या माहितीपत्रकात नसते, दुकानाच्या पाटीवर असते.

दोन पिढ्यांनी उभे केलेले दुकान किंवा पेढी मुलासमोर लहानपणापासून उभी असते. काही मुलांना वाटते, शेवटी गादीवरच बसायचे आहे, मग कॉलेज कोणते याला काय अर्थ? काहींना नेमके उलटे भय असते. अर्थशास्त्र, डिझाइन किंवा संगणकाची आवड बोलून दाखवली, तर वडिलांना वाटेल की मुलगा दुकान सोडून चालला. दोन्ही मुले एकच उत्तर देतात: ‘कुठेही चालेल.’ मुलींच्या बाबतीत दुकानाची जागा पुष्कळदा लग्न घेते. ‘घराजवळचे बरे’ या दोन शब्दांत त्यांची यादी सुरू होण्यापूर्वीच संपते.

म्हणून पहिले संभाषण कॉलेजचे नसावे, दुकानाचे असावे. वडिलांनी आपली भूमिका स्वच्छ शब्दांत सांगावी. दुकानाविषयीचा निर्णय पदवीनंतर घेतला तरी चालणार असेल, तर तसे सांगावे आणि तो शब्द पाळावा. कर्ज, आजारपण किंवा भागीदारीतील अडचण यांमुळे मुलाची लवकर गरज भासणार असेल, तर तेही लपवू नये. खरी मर्यादा मुलाला समजते, त्याला छळते ती न बोललेली अपेक्षा.

दुकान सोडणे म्हणजे परंपरा सोडणे, ही समजूतही तपासून पाहावी. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद घरच्या व्यवसायात रमले नाहीत. ते रेल्वेच्या बांधकामाच्या कंत्राटांकडे वळले आणि १९१९ मध्ये सिंदिया कंपनीच्या उभारणीत अग्रभागी राहून जहाजवाहतुकीत उतरले. कुंभोजला १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांचे मन शालेय अभ्यासात कधी लागले नाही, ते मॅट्रिकही झाले नाहीत. त्याच कर्मवीरांनी १९१९ मध्येच रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सतराव्या वर्षीच्या उदासीनतेवरून उभ्या आयुष्याचा अंदाज बांधू नये, एवढे या दोन चरित्रांवरून निश्चित म्हणता येते.

दुकानाचा प्रश्न मोकळा झाला की यादीला हात घालावा. ‘तुला काय व्हायचे आहे?’ हा प्रश्न अशा मुलाला निरुत्तर करतो. ‘तुला काय नको?’ याचे उत्तर मात्र त्याच्यापाशी असते. दीडशे मुलांचा वर्ग नको, निव्वळ पाठांतर नको, रोजचा दोन तासांचा प्रवास नको. अशा पाच-सहा नकारांतून त्याची आवड हळूहळू आकार घेते. पालकांनीही आपल्या दोनच अटी सांगाव्यात: वर्षाला किती खर्च झेपेल आणि किती दूर पाठवण्याची तयारी आहे.

कोणताही जाणता व्यापारी सारे भांडवल एकाच मालात गुंतवत नाही. यादीही तशीच असावी, सहा नावांची. दोन कठीण, दोन आवाक्यातली, दोन खात्रीची. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. गणित पक्के असेल तर इंदूरच्या आयआयएममधील पाच वर्षांचा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम किंवा २०२२ पासून सुरू झालेल्या सीयूईटी परीक्षेद्वारे दिल्ली विद्यापीठ, ही कठीण नावे. मुंबईचे १९१३ सालचे सिडनहॅम किंवा पुण्याचे १९४३ सालचे बीएमसीसी यांसारखी जुनी वाणिज्य महाविद्यालये गुणांनुसार आवाक्यातली ठरू शकतील. आपल्या जिल्ह्यातील चांगले कॉलेज खात्रीचे. बीएमएस, बीबीए किंवा बीसीए हवे असेल, तर राज्यातील अशा बहुतेक अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून सीईटी द्यावी लागते, याचा विसर पडू नये. सीए व्हायचे असेल, तर फाउंडेशनच्या चार विषयांत प्रत्येकी ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. मग कॉलेजचे वेळापत्रक त्या अभ्यासाला जागा देते का, हे आधी पाहावे. मुख्य कसोटी एकच: यादीतील सहावे नाव मिळाले तरी मुलगा तेथे जायला तयार हवा. तसे नसेल, तर ते नाव केवळ जागा अडवते आहे.

त्यानंतर कामाची वाटणी करावी. अर्ज मुलाने स्वतः भरावेत, छायाचित्र आणि गुणपत्रिका त्यानेच अपलोड कराव्यात. पालकांनी अंतिम तारखांची एक वही ठेवावी आणि आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी, अर्धा तास त्यावर बोलावे. रोज जेवणाच्या ताटावर हा विषय निघाला, तर मुलगा ताट आणि विषय दोन्ही टाळू लागतो. कॉलेज पाहायला जायचे ते समारंभाच्या दिवशी नव्हे, साध्या कामाच्या दिवशी. दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी त्याला एकट्याला बोलू द्यावे.

आहाराचा प्रश्नही आधीच सोडवावा. कंदमुळे वर्ज्य असलेल्या, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मुलाची मेसमध्ये आबाळ होते, आणि ही चिंता काही मुले संकोचाने बोलत नाहीत. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत उभे राहिलेले श्री महावीर जैन विद्यालय अशाच गरजेतून विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय करीत आले आहे. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. जैन अल्पसंख्याक म्हणून मान्यता असलेल्या संस्थांत समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी जागा असतात, त्यासाठीची कागदपत्रे वेळेत तयार ठेवावीत.

निवड चुकली तर? नव्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची, पुन्हा परत येण्याची वाट ठेवली आहे. ही गोष्ट मुलाला सांगावी. निर्णय जन्मभराचा नाही हे कळले की तो घेण्याचे भय कमी होते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. मुलाचे मन केवळ अभ्यासातून नव्हे, तर खेळ, मित्र, झोप आणि जेवण यांतूनही उडाले असेल, तर यादी बाजूला ठेवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी लाभपंचमी साजरी करतात, श्वेतांबर परंपरेत तीच ज्ञानपंचमी असते. बारावीची परीक्षा तेव्हा तीन-चार महिन्यांवर आलेली असते. त्या दिवशी दुकानात नवी वही उघडताना एक कोरी वही मुलाच्याही हाती द्यावी आणि तिच्यातले पहिले नाव त्याला स्वतःच्या अक्षरात लिहू द्यावे.