भिंतीवरील बटन कोणाच्या स्वाधीन?

दिवेलागणीची वेळ होते, कोणी तरी भिंतीपाशीं जाऊन बटन दाबतें, आणि खोलींत उजेड पडतो. या साध्या व्यवहारांत हुकूम देणारा हात, हुकूम नेणारी तार आणि हुकूम पाळणारा दिवा हीं तिन्ही एकाच छपराखालीं असतात. अलीकडे मात्र या घरगुती व्यवहारांत एक नवा मध्यस्थ शिरला आहे. मोबाइलवर बोट ठेवतांच दिवाणखान्यांतील पंखा सुरू होतो. कचेरींतून निघतांना घरचा गीझर लावतां येतो. रात्रीं ठरल्या वेळीं फाटकावरील दिवा आपोआप मालवतो. हें घडवून आणणारें यंत्र जेमतेम काड्यापेटीएवढें असून तें स्विचबोर्डाच्या मागें, कोणाच्या दृष्टीस न पडतां बसतें. बाजारांत त्याला 'स्मार्ट रिले' असें म्हणतात.

सोय खरोखरच मोठी आहे, आणि वृद्ध किंवा अपंग माणसाला तर ती केवळ चैन नव्हे. परंतु असें यंत्र विकत घेण्यापूर्वीं गृहस्थानें एक प्रश्न विचारणें अगत्याचें आहे. हें यंत्र काय काय करूं शकतें, हा तो प्रश्न नव्हे. त्याचें उत्तर खोक्यावर छापलेलें असतेंच. बोटानें दिलेला हुकूम दिव्यापर्यंत कोणत्या वाटेनें जातो, हा तो प्रश्न होय.

प्रथम रिले म्हणजे काय, तें पाहूं. हा शब्द पूर्वीं प्रवासांतील घोड्यांसंबंधीं वापरीत. लांबच्या वाटेवर ठराविक टप्प्यांवर ताज्या दमाचे घोडे तयार ठेवीत. थकलेला घोडा थांबे आणि ताजा घोडा पुढें धांवे. विजेच्या रिलेचें कामहि असेंच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यानें १८३५ च्या सुमारास अशी युक्ति योजिली, आणि पुढें तारायंत्राच्या कामीं तिचा फार उपयोग झाला. रिलेमध्यें तारेचें एक लहानसें वेटोळें असतें. त्यांतून अगदीं थोडा प्रवाह सोडला कीं त्याचा लोहचुंबक बनतो, तो एक लोखंडी पट्टी ओढून घेतो, आणि त्या पट्टीनें दुसरा, मोठ्या प्रवाहाचा मार्ग जोडला जातो. पट्टी हलतांना 'टक्' असा बारीक आवाज येतो तो हाच. चारपांच व्होल्टांच्या दुबळ्या हुकुमानें २३० व्होल्टांचा जोरदार प्रवाह सुरू किंवा बंद करावयाचा, एवढेंच त्याचें सामर्थ्य. या जुन्या रिलेला निरोप ऐकूं येणारा कान म्हणून नखाएवढी संगणक-चकती जोडली, कीं त्याचा स्मार्ट रिले होतो.

आतां त्या कानापर्यंत निरोप दोन वाटांनीं पोंचूं शकतो. पहिली वाट घरच्या घरची. मोबाइलवरून निघालेला निरोप घरांतील राउटरकडे जातो, आणि तेथून थेट रिलेकडे. सारा प्रवास फार तर चार खोल्यांचा. दुसरी वाट बाहेरची. निरोप राउटरकडे जातो, तेथून इंटरनेटच्या मार्गानें तो यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या, परगांवच्या आणि पुष्कळदां परदेशच्या, संगणकाकडे पोंचतो. तो संगणक हुकूम तपासून पाहतो आणि मग तो उलट त्याच घरांतील रिलेकडे धाडतो. शेजघरांत बसून शेजघरांतील दिवा लावावयाचा, आणि त्यासाठीं परवानगी मात्र देशोदेशींची, असा हा प्रकार आहे. सर्व कांहीं सुरळीत चालूं असतां दोन्ही वाटांतील फरक डोळ्याचें पातें लवण्याइतका. म्हणूनच दुकानांत तो ध्यानांत येत नाहीं. तो कळतो, तो संकटकाळीं.

असे प्रसंग कल्पनेंतले नाहींत. अमेरिकेंत 'रिव्हॉल्व्ह' या नांवाचें, घरांतील निरनिराळीं स्मार्ट यंत्रें एकत्र चालविणारें एक उपकरण सुमारें ३०० डॉलरांस विकलें जात असे. २०१४ सालीं ती कंपनी 'नेस्ट' या कंपनीनें विकत घेतली, आणि १५ मे २०१६ रोजीं त्या उपकरणाची सेवा बंद करण्यांत आली. यंत्रांत कोठेंहि बिघाड नव्हता. परंतु त्याला हुकूम देणारा दूरचा संगणकच थांबल्यामुळें तें निरुपयोगी ठोकळा होऊन बसलें. विकत घेतलेली वस्तु वस्तुतः भाड्याची होती, हें तिच्या मालकांस त्या दिवशीं कळलें. २० ऑक्टोबर २०२५ रोजीं अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियांतील संगणककेंद्रांत बिघाड झाला, तेव्हां त्यावर विसंबलेल्या असंख्य सेवांबरोबर कित्येकांच्या घरची दारावरील घंटा आणि बोलून दिलेले हुकूमहि कांहीं तास अडखळले.

याहून बोधप्रद उदाहरण 'इन्स्टिऑन' या अमेरिकन कंपनीचें आहे. एप्रिल २०२२ मध्यें तिचे संगणक कोणतीहि पूर्वसूचना न देतां बंद पडले. मोबाइलवरून हुकूम देण्याची गिऱ्हाइकांची सोय त्या क्षणीं खुंटली. परंतु मौजेची गोष्ट अशी, कीं भिंतींवरील जीं बटनें विजेच्या तारांतून व बिनतारी लहरींतून एकमेकांशीं घरच्या घरीं जोडलेलीं होतीं, तीं पूर्ववत् चालूंच राहिलीं. ज्यांस थोडें तांत्रिक ज्ञान होतें त्यांनीं आपलें मध्यवर्ती उपकरण घरांतील दुसऱ्या संगणकाशीं जोडून घेतलें. पुढें जून २०२२ मध्यें कांहीं गिऱ्हाइकांनींच तो धंदा विकत घेऊन पुन्हा उभा केला. एकाच कंपनीच्या एकाच व्यवस्थेंत जो भाग बाहेरच्या स्वाधीन होता तो मेला, आणि जो घरच्या स्वाधीन होता तो जगला. सर्व विषयाचें सार या एका घटनेंत आहे.

आपल्याकडे तर कंपनी बुडण्याइतकें मोठें निमित्तहि लागत नाहीं. पावसाळ्यांत झाडाची फांदी पडून इंटरनेटची तार तुटते. रस्ता खणतांना कुदळीखालीं ती सांपडते. घरांत वीज आहे, दिवा शाबूत आहे, पण हुकूम पोंचत नाहीं, असें होतां कामा नये. घरीं एकट्या राहणाऱ्या वृद्ध आजीबाईंना रात्रीं उठून न्हाणीघराकडे जावयाचें असेल, तर ही गोष्ट केवळ गैरसोयीची राहत नाहीं. दुसरी बाब खाजगीपणाची. कोणत्या खोलींतील दिवा केव्हां लागला आणि केव्हां मालवला, याची नोंद ज्याच्याजवळ आहे त्याला त्या घरांतील माणसें केव्हां उठतात, केव्हां निजतात आणि केव्हां परगांवीं जातात, हें सांगावें लागत नाहीं. ती नोंद घरांतच राहिलेली बरी.

म्हणून निवडीची पहिली कसोटी अगदीं सोपी आहे, आणि तिला कोणतेंहि तांत्रिक ज्ञान लागत नाहीं. प्रथम एकच रिले आणून बसवावा. मग राउटर चालूं ठेवून त्यांत बाहेरून येणारी इंटरनेटची तार तेवढी काढावी. आतां भिंतीवरील बटन दाबून पाहावें, आणि घरांतील मोबाइलवरूनहि हुकूम देऊन पाहावा. दोन्हींनीं दिवा लागला तर यंत्र घरच्या स्वाधीन आहे. त्यानंतर मेन स्विच एकदां बंद करून पुन्हा लावावा, आणि तीच परीक्षा फिरून घ्यावी. कारण कांहीं यंत्रें चालूं असतां स्वतंत्र वाटतात, पण पुन्हा जागीं होतांना बाहेरची हांक ऐकल्यावांचून काम करीत नाहींत. या परीक्षेंत उतरल्यावरच उरलेल्या खोल्यांसाठीं खरेदी करावी.

बाजारांत जीं यंत्रें मिळतात त्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. एक वर्ग वाय-फायवर चालणारा. बल्गेरियांतील 'शेली' या नांवाच्या रिलेंना घरांतल्या घरांत थेट हुकूम देतां येतो, आणि कंपनीच्या संगणकाशीं असलेला संबंध तोडून टाकण्याचीहि मुभा असते. दुसरा वर्ग 'झिग्बी' या बिनतारी पद्धतीचा. ही पद्धति मुळांतच इंटरनेटविना चालते, आणि विजेवर चालणारा तिचा रिले बहुधा शेजारच्या रिलेचा निरोप पुढें पोंचवितो. तथापि तिला घरांत एक मध्यवर्ती उपकरण लागतें, आणि तें उपकरण स्वतः परावलंबी नाहीं ना, हें पाहावें लागतें. ऑक्टोबर २०२२ मध्यें 'मॅटर' नांवाचा एक सामायिक नियम अनेक कंपन्यांनीं मिळून प्रसिद्ध केला. त्या नियमानें चालणाऱ्या यंत्रांचा हुकूम घरच्या जाळ्यांतूनच जातो. म्हणून खोक्यावर ती खूण असल्यास तो शुभशकुन समजावा. या सर्वांना एका सूत्रांत ओंवावयाचें असेल तर 'होम असिस्टंट' ही मोफत मिळणारी संगणक-योजना उपयोगी पडते. २०१३ सालीं आरंभ झालेली ही योजना २०२४ पासून एका ना-नफा संस्थेच्या मालकीची आहे, आणि ती तळहाताएवढ्या संगणकावरहि घरांत चालते.

दुसरी कसोटी भिंतीवरील बटनाची. कांहीं लोक नव्या यंत्राच्या हौसेपायीं जुनीं बटनें काढून टाकतात किंवा कायमचीं चालूं ठेवून झांकतात. ही चूक आहे. पाहुणा, मोलकरीण, लहान मूल, यांपैकीं कोणाजवळहि मोबाइलची किल्ली नसते. त्यांना बटनच ठाऊक. चांगल्या रिलेला जुन्या बटनाची तार जोडण्यासाठीं वेगळी जागा ठेवलेली असते. तेथें जोडणी केली म्हणजे वाय-फाय बंद असलें तरी बटन आपलें काम करतें. त्याहून एक पायरी पुढें जावयाचें असेल तर जिन्याच्या दिव्याची युक्ति योजावी. जिन्याचा दिवा खालून लावून वरून मालवतां येतो, त्याचप्रमाणें एका टोकाला दुतर्फा बटन आणि दुसऱ्या टोकाला दुतर्फा रिले, अशी जोडणी करतां येते. यासाठीं मात्र दोन्ही बाजूंनीं संपर्क देणारा रिलेच घ्यावा लागतो. मग रिलेची संगणक-चकती जळाली तरी बटनानें दिवा लागतोच.

तिसरी कसोटी भाराची. खोक्यावर १० अँपिअर किंवा १६ अँपिअर असा आंकडा असतो. तो साध्या, तापणाऱ्या उपकरणासाठीं असतो, मोटारीसाठीं नव्हे. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टांवर सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, आणि ३,००० वॅटचा १३ अँपिअर. बंद पेटींत, उन्हाळ्याच्या दिवसांत, अर्धा तास इतका प्रवाह वाहिला तर १० अँपिअरचा रिले कागदावर पुरेसा असूनहि प्रत्यक्षांत तापतो. गीझरसाठीं १६ अँपिअरचा घ्यावा, आणि मोठ्या गीझरासाठीं किंवा पाण्याच्या पंपासाठीं मध्यें 'काँटॅक्टर' बसवावा. कारण पंपाची मोटार सुरू होतांना नेहमींच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. छताच्या पंख्याला दिवा मंद करण्याचें यंत्र कधींहि लावूं नये. पंखा घुमूं लागतो आणि यंत्र तापतें. शिवाय बहुतेक स्मार्ट रिलेंना स्वतःच्या पोषणासाठीं फेजबरोबर न्यूट्रल तारहि लागते. ज्या स्विचबोर्डांत प्लगची जागा आहे तेथें ती असते. नुसत्या बटनांच्या बोर्डांत ती असेलच असें नाहीं. हें सारें काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें.

चवथी कसोटी वीज जाऊन येण्याची. वीज परत आल्यावर रिलेनें बंद राहावें, चालूं व्हावें, कीं पूर्वीं होता तसा व्हावें, हें अगोदर ठरवून ठेवतां येतें, आणि तें प्रत्येक यंत्राला वेगळें ठरवावें लागतें. पंपाचा आणि गीझराचा रिले वीज आल्यावर बंदच राहिला पाहिजे. नाहीं तर घरीं कोणी नसतां टांकी वाहूं लागेल. जिन्याचा दिवा मात्र पूर्वीं होता तसा लागावा. येथें एक बारीक खोंच आहे. पुष्कळ रिले वेळापत्रक स्वतःजवळ ठेवतात, पण किती वाजले हें इंटरनेटला विचारतात. वीज जाऊन आली आणि इंटरनेट आलें नाहीं, तर वेळापत्रक असूनहि घड्याळ नाहीं, अशी त्यांची स्थिति होते. ज्या घरीं वेळेवर विसंबणारें महत्त्वाचें काम असेल, तेथें घरांतीलच एखाद्या उपकरणाकडून वेळ मिळण्याची तजवीज करावी.

याचा अर्थ बाहेरचा संबंध मुळींच नको, असा नव्हे. परगांवीं गेलेल्या मुलानें घरचा दिवा लावून पाहणें यांत वावगें कांहींच नाहीं. प्रश्न अनुक्रमाचा आहे. सर्वांत आंत भिंतीवरील बटन; त्याबाहेर घरांतील यंत्रणा; आणि सर्वांत बाहेर इंटरनेट. बाहेरचें कवच गळून पडलें तरी आंतलें चाललें पाहिजे. ज्या घरांत हा अनुक्रम पाळला गेला, तेथें नवी सोय ही जुन्या सोयीवरील भर ठरते. जेथें तो उलटा झाला, तेथें साधा दिवासुद्धां परक्याच्या मर्जीवर लागतो. 'आपला हात जगन्नाथ' ही जुनी म्हण विजेच्या बटनालाहि लागूं पडते. दुकानदारानें यंत्राचे शंभर गुण सांगितल्यावर गिऱ्हाइकानें एवढेंच विचारावें, "इंटरनेटची तार काढली तर दिवा लागेल का?" उत्तर देतांना दुकानदार घुटमळला, तर खरेदी दुसऱ्या दिवसावर टाकण्यास हरकत नाहीं.