ट्रॉलीचा जॅक अडकला? आधी टेकू लावा, मगच पाना हातात घ्या

उन्हाळा संपत आला की शेणखत, गाळ आणि मुरूम वाहायची घाई सुरू होते. दिवसाला दहा-बारा खेपा होतात आणि नेमकी तेव्हाच हायड्रॉलिक ट्रॉली दगा देते. भरलेली ट्रॉली वर जात नाही, अर्ध्यात थांबते, नाहीतर वर गेलेली खालीच येत नाही. मग कुणीतरी पाना घेऊन ट्रॉलीखाली वाकतो, दुसरा ट्रॅक्टरवर बसून लिव्हर हलवतो. जीव जातो तो अशाच वेळी. बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो आणि तो खाली न शिरताही ओळखता येतो.

ट्रॉली उचलणारा जॅक म्हणजे एकात एक बसलेल्या नळ्या. ट्रॅक्टरचा पंप ऑईल दाबाने आत ढकलतो, नळ्या बाहेर येतात आणि ट्रॉली उचलली जाते. जाड नळी 10 सेंटीमीटर व्यासाची आणि दाब चौरस सेंटीमीटरला 150 किलो धरला, तर जोर होतो सुमारे पावणेबारा टन. खाली येताना मात्र पंपाचं काही काम नसतं. ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि ऑईल ट्रॅक्टरमध्ये परत जातं. म्हणजे वर उभी असलेली ट्रॉली फक्त कोंडलेल्या ऑईलवर उभी असते. पाईप फुटला, कपलर निसटला किंवा कुणाचा लिव्हरला धक्का लागला तर खालच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

म्हणून पहिला नियम टेकूचा. ट्रॉली रिकामी असली तरच, सपाट जागेवर उचलायची आणि चासीला बसवलेला लोखंडी टेकू लावूनच खाली हात घालायचा. टेकू नसेल तर गावातल्या वेल्डरकडून ट्रॉलीच्या वजनाला पुरेल असा जाड टेकू बसवून घ्यावा; जॅक दुरुस्तीपेक्षा तो स्वस्तच पडतो. दगड, ओंडका किंवा जॉकी हे टेकू नव्हेत, ते सरकतात. माल भरलेला असताना तर टेकूच्या भरवशावरही खाली जायचं नाही.

ट्रॉली वर जातच नाही

आधी ट्रॅक्टरची मागची लिफ्ट बघावी. रोटाव्हेटर किंवा कल्टीव्हेटर नीट उचलला जात असेल तर पंप ठीक आहे, दोष पुढच्या वाटेत आहे. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये ऑईल लिफ्टकडे जायचं की ट्रॉलीकडे, हे ठरवणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो फिरवायचा राहून जातो आणि अर्धा दिवस शोधाशोध होते. त्यानंतर कपलर. तो पूर्ण आत बसला नाही तर त्याच्या आतला व्हॉल्व्ह उघडत नाही आणि ऑईल पुढे जात नाही.

उन्हाळ्यात कपलर बसतच नाही, अशी तक्रार फार असते. कारण साधं आहे. सोडून ठेवलेला पाईप उन्हात तापतो, आतलं ऑईल फुगतं आणि दाब कोंडतो. मग निपल दगडावर ठोकून ऑईल उडवायचा प्रकार होतो. त्याने निपलही बिघडतो आणि गरम ऑईल डोळ्यांत जाऊ शकतं. पाईप सोडण्यापूर्वी ट्रॉली पूर्ण खाली बसवावी, इंजिन बंद करावं आणि लिव्हर दोन-तीनदा पुढे-मागे करावा. कोंडलेला दाब निघून जातो.

अर्ध्यात थांबते

कुठे थांबते ते नीट बघितलं तर अर्धं निदान तिथेच होतं. सुरुवातीलाच, हातभर उचलून थांबत असेल तर माल जास्त आहे किंवा दाब कमी पडतोय. ट्रॉलीची बिजागरी मागे असते, त्यामुळे पुढच्या बाजूला ढीग जास्त झाला की जॅकवर सगळ्यात जास्त भार पडतो. अशा वेळी ट्रॅक्टरमधून शीळ घातल्यासारखा आवाज येतो. तो जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा आवाज असतो. रेस वाढवून काही होत नाही, ऑईल तेवढं तापतं. थोडा माल काढावा. हलकी ट्रॉलीही उचलत नसेल तर दाब मेकॅनिककडून मीटर लावून तपासावा. व्हॉल्व्हचा स्क्रू घरी पिळून दाब वाढवू नये, त्याने पाईप फुटतो.

रिकामी असो वा भरलेली, दरवेळी वर गेल्यावर एकाच ठिकाणी थांबत असेल, तर ट्रॅक्टरमध्ये ऑईल कमी आहे. ट्रॉली खाली बसलेली आणि ट्रॅक्टर सपाट जागेवर असताना डिपस्टिक बघावी. ट्रॉली वर असताना बघितलं तर ऑईल जॅकमध्ये असतं आणि अंदाज चुकतो. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये हेच ऑईल मागच्या गिअरलाही लागतं, त्यामुळे हा खर्च पुढे ढकलण्यात फायदा नाही.

झटके देत वर जात असेल आणि ऑईलला फेस असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय. ऑईल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर त्यात पाणी गेलंय. ते बदलावंच लागतं.

आपोआप खाली येते

इथे पैसे वाया जातात. ट्रॉली हळूहळू बसायला लागली की थेट जॅकचं सील किट बदललं जातं. पण फक्त वर ढकलणाऱ्या या जॅकचं सील गेलं तर ऑईल बाहेर दिसतं. नळ्या ओल्या होतात, खाली थेंब पडतात. जॅक आणि पाईप कोरडे ठणठणीत असतील आणि तरी ट्रॉली बसत असेल, तर ऑईल ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून मागे जातंय. तिथे सील किट बदलून उपयोग नाही. दुकानात जाण्याआधी लांबूनच बॅटरी मारून एवढं बघून घ्यावं.

खालीच येत नाही

बहुतेक वेळा कपलर अर्धवट निसटलेला असतो आणि ऑईल आत कोंडतं. इंजिन बंद करून, ट्रॅक्टरच्या मागे पण ट्रॉलीच्या बाहेर उभं राहून कपलर नीट दाबावा. तेवढ्याने काम झालं नाही तर नळी वाकलेली असू शकते किंवा बिजागरी गंजलेली. पाईपचा नट ढिला करून ऑईल सोडायचं नाही, कारण ट्रॉली एकदम आदळते. क्रेन किंवा जेसीबीने ट्रॉलीला आधार देऊन मेकॅनिककडूनच ती उतरवावी.

गळती शोधताना पाईपवरून बोट फिरवायची सवय अनेकांना आहे. सुईएवढ्या भोकातून दाबाने निघालेलं ऑईल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती पुठ्ठा धरून शोधावी. कुणाला असं ऑईल टोचलं तर हळद लावून घरी न थांबता मोठ्या दवाखान्यात न्यावं आणि "दाबाखालचं ऑईल आत गेलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

ट्रॉली उचलण्याआधी वरही बघावं. शेतातून जाणारी 11 हजार व्होल्टची तार उन्हाळ्यात आणखी झोळते. तारेला ट्रॉली लागलीच तर ड्रायव्हरने सीटवरच बसून राहावं आणि इतरांनी लांब थांबून 1912 वर कळवावं. आग लागल्यामुळे उतरावंच लागलं, तर ट्रॅक्टरला हात न लावता दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय घासत दूर जावं. एक पाय जमिनीवर आणि हात ट्रॅक्टरला, असं झालं की करंट अंगातून जातो.

देखभालीला फार काही लागत नाही. बिजागरी आणि पिनांना ग्रीस द्यावं, जॅकच्या नळ्यांना मात्र नाही. ग्रीसवर मुरमाची धूळ चिकटते आणि तीच सील खाते. पावसाळ्यात ट्रॉली खाली बसवून ठेवावी, म्हणजे नळ्या आत राहतात आणि गंजत नाहीत. फुगलेला, तडा गेलेला पाईप ट्यूबची पट्टी गुंडाळून चालवू नये. कपलरला टोपी लावावी, टोपी हरवली असेल तर स्वच्छ पिशवी बांधावी. भाऊबंदांत एकच ट्रॉली तीन ट्रॅक्टरला जोडली जाते, तिथे हे जास्तच सांभाळावं, कारण जॅकमध्ये राहिलेलं एका ट्रॅक्टरचं काळं ऑईल दुसऱ्याच्या पंपात जातं. जोडण्याआधी दोन्ही कपलर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत.